पोचा पडलेला प्याला

दोर्नक्लूफ गावात गोऱ्यांच्या देवळात लेनी फोर्तुइन बावीस वर्षं झाडलोट करत होती आणि तिथल्या बाकावर एकदाही टेकली नव्हती. बाक पुसायचे, बसायचं नाही. सगळी मंडळी आळीपाळीनं द्राक्षारसाचा घोट घेते तो प्रभुभोजनाचा चांदीचा प्याला लख्ख घासायचा, ओठ लावायचा नाही. प्रभुभोजनाला तिनं रेल्वेरुळांपलीकडे आमच्या मिशनच्या देवळात यायचं. देव एक, बायबल एक, भाषासुद्धा एक, फक्त टेबलं दोन. कधीकाळी गोऱ्यांच्या पुढाऱ्यांनी ठरवलं होतं की त्यांच्यातल्या काही दुबळ्यांना आमच्याबरोबर एका प्याल्यातून पिणं जड जातं, म्हणून आपलं तात्पुरतं वेगळं. ते तात्पुरतं सव्वाशे वर्षं चाललं.

लेनी मेंढपाळाची मुलगी. शाळा चार इयत्ता, तोंड मात्र पदवीधर. नवरा याकोबस रेल्वेत राबला आणि छातीचं दुखणं घेऊन घरी बसला, तेव्हापासून घर तिच्या झाडूवर चालायचं. तो बिचारा तिला दिवसातून दोनदा बजावायचा, "तोंड सांभाळ गं, लेनी." ती म्हणायची, "तेवढं एकच माझ्या मालकीचं आहे, तेही सांभाळू?"

आमच्या देवळातला प्याला म्हणजे गोऱ्यांनी टाकलेला. त्यांनी हुबेहूब तसाच नवा घडवून घेतला आणि जुना आमच्याकडे सरकवला. दोन्हींत फरक एवढाच की आमच्या प्याल्याच्या बुडाला पोचा होता. आमच्या मंडळीचा कारभार बघणारा ज्येष्ठ वडील गेर्त बासोन, त्याच्या हातून तो एकदा पडला होता.

आता आमच्याकडे चांदी घासायची चांगली पेस्ट कुठली? ती गोऱ्यांच्या देवळातल्या कपाटात. म्हणून प्रभुभोजनाच्या आदल्या शनिवारी लेनी आमचा प्याला पिशवीत लपवून तिकडे न्यायची आणि दोन्ही एकत्र घासायची. पेस्ट त्यांची, प्याला आपला. या उद्योगाचा तिला मनापासून आनंद व्हायचा.

त्या ईस्टरला घोळ झाला. शनिवारी याकोबसला धाप लागल्याचा निरोप आला, तिनं घाईघाईत दोन्ही प्याले फडक्यांत गुंडाळले, एक कपाटात ठेवला, एक पिशवीत टाकला आणि धावली. रविवारी आमच्या टेबलाशी बसलेली असताना प्याला हातोहात तिच्यापर्यंत आला. तिचं बोट सवयीनं बुडाशी गेलं. पोचा नाही! म्हणजे आत्ता, याच घटकेला, रुळांपलीकडे तीनशे गोरे आमच्या प्याल्यातून पीत होते. तीस वर्षं ज्या प्याल्याला आमचे ओठ लागले त्या प्याल्यातून.

दुपारी ती साफसफाईला गेली आणि गुपचूप अदलाबदल करून आली. मग सहा महिने ती त्याबद्दल एक शब्द बोलली नाही. लेनीनं सहा महिने गप्प बसायचं म्हणजे काय, ते तिला ओळखणाऱ्यांनाच कळेल. बोलली असती तर नोकरी गेली असती, आणि नोकरीबरोबर याकोबसचं औषध. रोज ती त्या गोऱ्यांकडे बघायची. कुणाला साधी शिंकही आली नव्हती.

ऑक्टोबरात आमच्या मंडळीपुढे नवा विश्वासांगीकार, म्हणजे आपण काय मानतो ते सांगणारा कागद, मताला आला. आमच्याकडे पाळकाला दोमिनी म्हणतात; आमचा तरुण दोमिनी आरेंद्से यानं तो तीन रविवार समजावून सांगितला. माणसांना रंगावरून वेगळं बसवणं ही नुसती चूक नाही, ते पाप आहे. आणि देव तटस्थ नाही. ज्याला तुडवलं जातं त्याच्या बाजूला तो उभा असतो. "सरकार तुम्हाला मिश्रवर्णी म्हणो नाहीतर काहीही," तो म्हणायचा, "आपण काळे आहोत, आणि देवानं आपल्याला चुकून घडवलेलं नाही." लेनी हे ऐकताना मान खाली घालून रडायची. आपण आयुष्यभर जे मनात म्हणत आलो ते कुणी व्यासपीठावरून मोठ्यानं म्हणतंय, याचं ते रडू होतं.

मतदानाच्या रविवारी मात्र गोऱ्यांचे पाळक, दोमिनी तेऊनिसेन, स्वतः रूळ ओलांडून आले. पाहुणे म्हणून पुढच्या खुर्चीवर बसले आणि बसल्या बसल्याच गोड आवाजात बोलू लागले.

"मित्रहो, आत्म्यानं आपण एकच आहोत. पण हा कागद म्हणजे राजकारण. आमच्यातले काही जण अजून दुबळे आहेत. एका प्याल्यातून पिणं त्यांना झेपणार नाही, कुणी आजारीसुद्धा पडेल. अजून वेळ आलेली नाही. देवाला घाई करू नका."

गेर्त बासोननं दाढी खाजवली. "तसं बघितलं तर दोमिनींचंही खरं आहे..." तो पुटपुटला, आणि मागच्या बाकांवर माना डोलायला लागल्या. सव्वाशे वर्षांची सवय अशी दोन मिनिटांत मान वर काढते. आरेंद्सेचा चेहरा उतरला.

लेनी उभी राहिली. याकोबसनं तिचा स्कर्ट ओढला. "लेनी! तोंड..."

"सोड," ती म्हणाली. "दोमिनी, तुमची माणसं दुबळी नाहीत. उगाच बदनामी करू नका त्यांची. चांगली दणकट आहेत. गेल्या ईस्टरला ती सगळी आमच्याच प्याल्यातून प्यायली."

गेर्त बासोनचा हात दाढीतच थांबला.

"माझ्या हातून अदलाबदल झाली," लेनी म्हणाली. "चूक माझी. पण सहा महिने मी नजर ठेवून आहे. कुणाला ताप नाही, खोकला नाही. तुमच्या आईसाहेब शहाऐंशीच्या, त्यांनी तर दोनदा घोट घेतला असं सगळं गाव सांगतं. परवाच मला बाक नीट पुसला नाही म्हणून ओरडल्या. काय खणखणीत आवाज!"

कुणीतरी फिसकन हसलं आणि मग हसू देवळाच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत गेलं. तेऊनिसेन खुर्चीतच पांढरे पडले, होते त्याहून पांढरे.

"लेनी," ते हळूच म्हणाले, "निदान... तू तो धुतला तरी होतास ना?"

"मी नेहमीच धुते, दोमिनी. दरवेळी. तुमच्या पिण्यानंतरही."

या वेळी कुणी हसलं नाही. म्हाताऱ्या बायका "आमेन" म्हणाल्या, आणि ते आमेन जमिनीतून आल्यासारखं वाटलं.

"उद्या चाव्या आणून दे," तेऊनिसेन म्हणाले.

"उद्यापर्यंत कशाला?" लेनीनं खिशातून जुडगा काढला आणि त्यांच्या मांडीवर ठेवला. "पेस्ट वरच्या फळीवर आहे. वर्तुळात घासायचं, नाहीतर चरे पडतात."

आमच्याकडे रीत अशी की ज्याचा होकार असेल त्यानं उभं राहायचं आणि ज्येष्ठ वडिलांनी डोकी मोजायची. लेनी उभीच होती. तिच्याशेजारी याकोबस बाकाला धरून, धापा टाकत उठला. "आता नाहीतरी खायचे वांधेच," तो म्हणाला, "मग ताठ उभं राहूनच उपाशी राहू." मागून म्हाताऱ्या उठल्या, पोरं कडेवर घेतलेल्या आया उठल्या, रेल्वेतली माणसं उठली. गेर्त बासोननं सगळीकडे बघितलं, दाढीवरचा हात काढला आणि तोही उठला.

"गेर्तकाका, मोजा," आरेंद्से म्हणाला.

"काय मोजू, दोमिनी? बसलंय कोण, तेवढं सांगा."

सगळ्यांनी वळून बघितलं. अख्ख्या देवळात बसलेला माणूस एकच होता, आणि त्याला तिथे मत नव्हतं.