सही न करणाऱ्या भामरे मॅडम

कुठलाही ग्राफिंग कॅल्क्युलेटर हातात आला की भामरे मॅडम आधी एकच गोष्ट करायच्या. एक भागिले एक्स एवढंच टाइप करून आलेख काढायला लावायच्या आणि चष्मा कपाळावर ढकलून पडद्याकडे बघत राहायच्या. हा आलेख दोन तुकड्यांत असतो, मधे शून्यापाशी काहीच नसतं. पण काही यंत्रं दोन्ही तुकड्यांची टोकं जोडून टाकतात आणि मधोमध एक उभी रेघ दाखवतात. ती रेघ दिसली की मॅडमचा आवाज चढायचा.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते असंच, आवाज चढलेला असताना. जळगावच्या बाहेर, महामार्गाला लागून नवी शाळा निघाली होती. अकरावी-बारावीला परदेशी बोर्डाचा अभ्यासक्रम होता आणि गणिताच्या दुसऱ्या पेपरला ग्राफिंग कॅल्क्युलेटर लागायचा. मी एरंडोलचा, एकोणतीस वर्षांचा, नोकरीचा पहिला दिवस. शिक्षकांच्या खोलीत नाशिकहून आलेला एक विक्रेता टेबलावर चार यंत्रं मांडून उभा होता आणि त्याच्यासमोर सुती साडीतल्या, केस घट्ट बांधलेल्या, साठीकडे झुकलेल्या मॅडम.

"ही रेघ कुणाची?" त्यांनी विचारलं.

"ग्राफच आहे तो, मॅडम. सेटिंग बदललं की जाते."

"पोरगं सेटिंग कधी बदलेल? ती रेघ खोटी आहे हे त्याला आधी कळलं तर. आणि ते कळत असेल तर त्याला तुझं यंत्र कशाला पाहिजे?"

मग त्या माझ्याकडे वळल्या. मी कोण हे त्यांना माहीत होतं. विभागप्रमुख त्याच होत्या. "महाजन सर, तुम्हाला दिसली होती का ती रेघ?"

"नाही," मी म्हणालो.

"मग शिकवणार काय?"

परक्या माणसासमोर केलेला तो अपमान मला दिवसभर जाळत होता. घरी जाऊन मी बायकोला म्हणालो, ह्या बाईबरोबर माझं जमणार नाही. नंतरच्या दोन वर्षांत मला कळलं की मॅडमचा राग कधीच चुकीच्या माणसावर पडत नसे, आणि तेच जास्त त्रासाचं होतं.

त्या मूळच्या धुळ्याच्या. तिथल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात तीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झाल्या आणि मग आमच्या शाळेत आल्या. लग्न केलं नव्हतं. वर्गात त्या स्वच्छ प्रमाण मराठी बोलायच्या, पण राग आला की अहिराणी सुरू व्हायची. कुणीतरी एकदा हसलं तेव्हा म्हणाल्या, "मन्ही मायनी भाषा शे. तिच्यात मले खोटं बोलता येत नही." चुकलेल्या उत्तरावर त्या कधी रागावल्या नाहीत. बरोबर उत्तर लिहून ते कसं आलं हे न सांगणाऱ्यावर मात्र खडू आपटायच्या. "उत्तर त कोनी बी दी. कसं उनं ते सांग." हे वाक्य मुलं त्यांच्यामागे त्यांच्याच आवाजात म्हणायची.

त्या चार यंत्रांतून एक निवडायचं होतं, आणि जे निवडलं जाईल ते बारावीत जाणाऱ्या तुकडीतल्या सगळ्या मुलांनी घ्यायचं होतं. आमच्या व्यवस्थापनाला वाटलं हे दहा मिनिटांचं काम. मॅडमनी त्याला तीन आठवडे घेतले. एप्रिल संपत आला होता. त्यांनी चारही यंत्रं भर दुपारी गच्चीवर अर्धा तास ठेवायला लावली. जळगावचं ऊन ते. दोन यंत्रांचे पडदे काळे पडले, अक्षर दिसेना. मग एकेक यंत्र बाकाच्या उंचीवरून शहाबादी फरशीवर टाकलं. विक्रेता डोळे मिटून घेत होता. "पोरगं फेकणारच शे," मॅडम म्हणाल्या, "आते मी फेकस, मंग ते फेकी." चार्जिंगवर चालणारं यंत्र त्यांनी बाजूला ठेवलं, कारण निम्मी मुलं खेड्यावरून येणारी आणि तिथली वीज कधी जाईल याचा नेम नाही. साध्या पेन्सिल सेलवर चालणारं यंत्र पुढे ओढलं, कारण सेल गावच्या किराणा दुकानातही मिळतात.

शेवटची परीक्षा वैशालीची होती. वैशाली अकरावीतली, दोंडाईच्याची. तिचे वडील तिथल्या स्टेशनबाहेर रसवंती चालवतात. शाळेतल्या थोड्या राखीव जागांपैकी एकीवर ती आली होती आणि वसतिगृहात राहायची. मॅडमनी तिला चारही यंत्रं दिली, एकही सूचना न देता. "जे तुला सगळ्यात आधी समजेल ते सांग." वैशालीनं वीस मिनिटांत ते पेन्सिल सेलवालं, काळ्या-पांढऱ्या पडद्याचं यंत्र परत आणून ठेवलं. "यात काय दाबलं की काय होतं ते दिसतं, मॅडम. बाकीच्यांत शोधावं लागतं."

पण मुख्य गोष्ट वेगळीच होती. बोर्डाची परवानगी असलेल्या यंत्रांची एक यादी असते. जे यंत्र अक्षरांची समीकरणंही स्वतः सोडवून देतं, ते परीक्षेत चालत नाही. मॅडमनी यादी मागवली, छापली आणि एक प्रत मला दिली. आमच्या चारांतलं एक यंत्र त्या यादीत नव्हतं. ते सगळ्यात महाग होतं, रंगीत पडद्याचं होतं आणि त्याचा फोटो आमच्या संचालकांनी प्रवेशाच्या माहितीपत्रकावर आधीच छापून टाकला होता.

मेच्या पहिल्या आठवड्यात बैठक झाली. संचालक, उपप्राचार्य, मॅडम आणि मी. संचालक गोड बोलणारे होते. म्हणाले, पालक इतकी फी देतात, मुलांच्या हातात काळा-पांढरा डबा दिला तर शाळा आंतरराष्ट्रीय कशी वाटेल. विक्रेत्यानं सांगितलंय की नको ती बटणं परीक्षेपुरती बंद करता येतात.

"विक्रेता पेपर तपासणार आहे का?" मॅडमनी विचारलं. त्यांनी यादी टेबलावर ठेवली. "हे यंत्र यात नाही. मी सही करत नाही. माझा विरोध लिहून घ्या."

उपप्राचार्यांनी कागद माझ्यापुढे सरकवला. समितीतल्या दोन सह्या पुरत होत्या. उपप्राचार्यांची झाली होती. पुढच्या वर्षी जूनमध्ये माझी नोकरी कायम व्हायची होती, हे तिथल्या चौघांनाही माहीत होतं. मी सही केली.

मॅडम ओरडतील असं वाटलं होतं. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "महाजन, तुम्ही यादी वाचली होती ना?"

"हो."

"मग अडाणी होतो म्हणून सुटता यायचं नाही तुम्हाला."

पुढे इतिवृत्त आलं तेव्हा त्यात लिहिलं होतं, 'श्रीमती भामरे अनुपस्थित.' मॅडम तो कागद घेऊन संचालकांच्या खोलीत गेल्या. त्यांचा आवाज खालच्या मजल्यापर्यंत ऐकू आला. कागद बदलला नाही. दर महिन्याच्या बैठकीत त्या तो विषय काढत राहिल्या, यंत्रं बदला, अजून वेळ आहे. शेवटी त्यांची वृत्ती नकारात्मक आहे असं ठरलं आणि बारावीचा वर्ग काढून मला दिला गेला. मी तो घेतला. वर्षभर त्या रंगीत यंत्रावर शिकवलं. बोर्ड बघून घेईल, कुणी इतकं कडक नसतं, असं मी मनाशी म्हणत राहिलो. आज ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

बोर्डाच्या निरीक्षक बाई पहिल्या पेपरच्या आदल्या दिवशी आल्या. त्यांनी बारावीच्या सतराही मुलांची यंत्रं बघितली आणि एका खोक्यात भरून सील केली. "यादी वर्षभर सगळ्यांना खुली आहे," एवढंच म्हणाल्या. त्यांचं काही चुकलं नव्हतं. दुसऱ्या पेपरला मधे दोन दिवस होते. जळगावच्या बाजारात चालणारं यंत्र मिळत नव्हतं, विक्रेता फोन उचलत नव्हता. ज्यांची माणसं मुंबई-पुण्याला होती अशा सहा पालकांनी गाडी पाठवून यंत्रं आणवली. अकरा मुलं उरली.

मॅडमना कुणी बोलावलं नव्हतं. त्यांना कळलं तशा त्या धुळ्याची बस पकडून गेल्या. तिथं त्यांची एक जुनी विद्यार्थिनी परदेशी परीक्षांची शिकवणी घ्यायची. संध्याकाळी मॅडम परतल्या तेव्हा पिशवीत सात यंत्रं होती. एकेक त्यांनी तिथेच तपासून घेतलं होतं.

सात यंत्रं आणि अकरा मुलं. संचालकांनी उपप्राचार्यांच्या हाती नावांची यादी पाठवली, कुणाला द्यायची ती. पहिलं नाव संचालकांच्याच पुतण्याचं होतं. वैशालीचं नाव नव्हतं. मॅडमनी तो कागद वाचला आणि चार तुकडे करून उपप्राचार्यांच्या हातात परत दिला. "यंत्रं मी आणेल शेतस. तुमनी यादी तुमना घर ठेवा." मग अकरा चिठ्ठ्या केल्या, त्यांतल्या चार कोऱ्या, आणि मुलांनाच उचलायला लावल्या.

वैशालीची चिठ्ठी कोरी निघाली.

मी मॅडमना बाजूला घेऊन म्हणालो, तिला एक देऊन टाका, कुणी विचारणार नाही. वर्गातली सगळ्यात हुशार मुलगी आहे. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी दोन पावलं मागे सरलो. "आते तुले न्याय सुचस? मन्हा हातनं अन्याय करी लेवाले ऊना का?" आणि त्या उरलेल्या चौघांना घेऊन वर्गात गेल्या. दोन दिवस, सकाळ-दुपार, त्यांनी मुलांना हातानं आलेख काढायला, हातानं अंदाज बांधत मुळं शोधायला शिकवलं. जेवणाचा डबाही फळ्यासमोर उभ्यानंच खाल्ला. मी दारातून बघत होतो. मला त्यांनी आत बोलावलं नाही.

चौघंही पास झाली. पण पास होणं पुरेसं नव्हतं. पुण्याच्या ज्या महाविद्यालयानं वैशालीला शिष्यवृत्ती देऊ केली होती, त्यांची गणितातल्या श्रेणीची अट होती. शिष्यवृत्ती एका श्रेणीनं हुकली. ती धुळ्यात बी.एस्सी.ला गेली.

पालक चिडले, ते साहजिकच होतं. शाळेनं घरोघर पत्र पाठवलं की गणित विभागप्रमुखांच्या चुकीच्या शिफारशीमुळे हे घडलं. मॅडमनी पालकांना शाळेच्या सभागृहात बोलावलं, यादीची प्रत हातात घेऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, मी विरोध केला होता. संचालक शांतपणे म्हणाले, मॅडम तर त्या बैठकीला नव्हत्याच, विरोध कुठे केला? मग त्यांनी सगळ्यांसमोर मला विचारलं, "महाजन सर, तुम्ही होतात. मॅडम होत्या का?"

मी म्हणालो, "नीट आठवत नाही."

मॅडमनी चष्मा काढला, पदरानं पुसला, परत घातला आणि यादीची घडी करून पर्समध्ये ठेवली. दुसऱ्या दिवशी त्यांचा राजीनामा आला. त्यात एकच ओळ होती. त्या धुळ्याला आपल्या घरी परत गेल्या.

तीन महिने मी शाळेत जात होतो. नोकरी कायम झालेली होती. वर्गात उभा राहिलो की फळ्याकडे तोंड करून बोलायचो. शेवटी एका रविवारी सतरा पालकांना उद्देशून एक पत्र लिहिलं, त्याखाली माझा राजीनामा लिहिला आणि दोन्ही घेऊन धुळ्याला गेलो.

मॅडम बाहेरच्या खोलीत होत्या. समोर वैशाली वही उघडून बसली होती. मला बघून ती उठली आणि आत गेली. मॅडमनी बसा म्हटलं नाही. हात पुढे करून पत्र घेतलं, लाल पेन उघडलं आणि विद्यार्थ्याची वही तपासावी तसं वाचायला लागल्या. एका ठिकाणी थांबल्या. मी लिहिलं होतं, 'दबावाखाली माझ्याकडून त्या कागदावर सही झाली.' त्यांनी त्याखाली रेघ ओढली.

"सही होत नसते, महाजन. पाऊस होतो. सही करावी लागते."

त्यांनी ते वाक्य खोडून वर लिहिलं, 'मी सही केली.' पुढे माझं 'विस्मरण झाले' होतं. ते खोडून 'मी खोटे बोललो' असं लिहिलं. पत्र माझ्या हातात देऊन म्हणाल्या, "टपालानं नका पाठवू. घरी जाऊन द्या. सतराही."

निघताना मी विचारलं, "मॅडम, तुमचा राग गेला का?"

"कसाले जाई?" त्या म्हणाल्या.

पत्र सतरा वेळा हातानं लिहून काढलं. पंधरा दिवस मी जळगाव, भुसावळ आणि आजूबाजूच्या गावांत दारं वाजवत फिरलो. कुणी चहा दिला, कुणी उभ्यानंच वाचून पत्र तोंडावर फेकलं. दोंडाईच्याला वैशालीच्या वडिलांनी उसाचा चरक बंद करून ते दोनदा वाचलं, खिशात ठेवलं आणि गिऱ्हाइकाकडे वळले. तीन घरांनी दार उघडलंच नाही.

मी परत धुळ्याला गेलो. मॅडम ओट्यावर वह्या तपासत होत्या. मी सांगितलं, चौदा घरी पत्र पोचलं.

त्यांनी मान वर केली नाही.

"मंग तीन बाकी शेतस," त्या म्हणाल्या.