मोरीच्या पलीकडचा उजेड

वसुधाला जाऊन महिना झाल्यावर मी सरावलीला मंदाताईंकडे गेलो. त्यांना काही कळलंच नव्हतं. दार उघडून त्यांनी माझ्या मागे पाहिलं. "बाई नाय आल्या?"

"झोपेतच गेली... हार्टअटॅक," मी सांगितलं. त्या दारातच खाली बसल्या.

वसुधा माझी बायको. ती पुराची मॉडेल्स बनवायची. मी शाळेत मराठी शिकवणारा, मला कळेल असं ती सांगे: डोंगरापासून खाडीपर्यंत नदीचा सगळा पाणलोट संगणकात उतरवायचा, त्याच्या बारीक चौकटी पाडायच्या, वरून पाऊस सोडायचा आणि पाणी एका चौकटीतून दुसरीत कसं सरकतं, कुठे किती चढतं ते बघायचं. पालघरच्या आमच्या हॉलमध्ये भर उन्हाळ्यात पूर यायचा. "आज किती बुडाले?" मी चिडवायचो. "तू धरून एक," ती मान वर न करता म्हणायची.

ड्रोनने टिपलेल्या जमिनीच्या चित्रात रस्ता म्हणजे नुसता बांध दिसतो, त्याखालून पाणी नेणारी मोरी दिसत नाही. म्हणून प्रत्येक मोरी जाऊन बघायची आणि मॉडेलमध्ये तिथे पाण्याला वाट करून द्यायची. सरावलीच्या मोरीत वसुधा एकाच बाजूने वाकली. तोंड स्वच्छ होतं, तिने मोरी मोकळी धरली. आत मध्यावर गाळ आणि प्लास्टिक गच्च बसलं होतं. वस्तीच्या बैठकीत ती छातीठोकपणे म्हणाली, "या चाळीत पाणी येणार नाही." त्याच चाळीतल्या मंदाताईंनी त्या भरवशावर घरातलं काहीच हलवलं नाही. त्या पावसाळ्यात पाणी शिलाई मशीनच्या वर चढलं, आणि त्या मशीनवर त्यांचं घर चालत होतं.

पाणी ओसरल्यावर वसुधा त्यांच्या दारात हात जोडून उभी राहिली. "माझं चुकलं. तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवलात."

"पानी काय तुमी आनलं? आत या, चाय घ्या."

ती आत गेली नाही. "कुठल्या तोंडाने बसू रे?" परतताना ती मला म्हणाली. पुढे मॉडेल सुधारलं, मोरी साफ झाली, तरी दर उन्हाळ्यात ती मोरी बघायला जायचीच. मंदाताई न सांगता रस्ता ओलांडून पलीकडच्या तोंडाशी हात हलवत, ही इकडून उजेड अडत नाही ना ते बघे. मग चहाला नाही म्हणून उंबरठ्यावरूनच परत.

तेव्हापासून स्कूटरवरून जाताना कुठलीही मोरी दिसली की "थांब जरा" सुरू झालं. "तू पलीकडून हात हलव ना," ती म्हणायची. बोईसरच्या रस्त्यावर माझे माजी विद्यार्थी जात-येत असायचे. गटारात हात हलवणारे सर... छे! मी हेल्मेटसुद्धा काढायचो नाही. मग ती दुखरे गुडघे सांभाळत, ट्रकांमधून वाट काढत स्वतःच पलीकडे जायची. मला तिची लाज वाटायची. हे लिहितानाही कान तापतात.

"त्या कवा आत नाय आल्या," मंदाताई डोळे पुसत म्हणाल्या. "तुमी तरी या."

मी बसलो. चहा संपवला. निघताना पाय आपोआप मोरीकडे वळले. मंदाताई रस्ता ओलांडून गेल्या. मी हेल्मेट काढलं, गुडघे टेकले, वाकलो.

"दिसतंय काय, सर?"

पलीकडच्या उजेडात त्यांचा हात हलत होता.

"दिसतंय," मी ओरडलो. पण वर मान करून त्यांच्याकडे बघायचं धैर्य होईना... मी तसाच वाकून राहिलो.