राणी कलरचा रेडिओग्राम

“गोधडीत तोंड घालून गातोय,” तुळसाबाई म्हणाल्या. “बंद करा, भाऊ.”

मी बंद केला. त्या आठवड्यातली ही माझी तिसरी खेप होती. गोडादऱ्यातलं घर, पहिला मजला, एक खोली आणि स्वयंपाकघर. खोलीची एक भिंत रेडिओग्रामने अडवलेली. रेडिओग्राम म्हणजे रेडिओ आणि रेकॉर्ड प्लेअर एकाच लाकडी पेटीत बसवलेला जुना सेट. हा व्हॉल्व्हचा होता. व्हॉल्व्ह ही काचेची नळी असते. ट्रान्झिस्टर येण्यापूर्वी आवाज मोठा करण्याचं काम ती करायची. नव्वदच्या दशकात असे सेट दुरुस्त करणारे सुरतेत फार उरले नव्हते. मी त्यांतला एक.

तुळसाबाईंचे यजमान भिकाआप्पा पेटीवर तळहात ठेवून उभे होते. त्यांनी अंगठा दाखवला.

“फस्क्लास!”

“तुमले काय समजस?” तुळसाबाई त्यांच्यावर अहिराणीत कडाडल्या. मग माझ्याकडे वळून सरळ मराठीत म्हणाल्या, “त्यांचं नका ऐकू. तीस वर्षं लूमवर काढली. कानाशी फटाका फोडला तरी म्हणतील, कोण आलं?”

आप्पा लूम खात्यात मास्टर होते. खातं म्हणजे पॉवरलूमचा कारखाना. तिथल्या खडखडाटात माणसाच्या कानाचे बारीक सूर आधी जातात. जाडे सूर हाताला कळत राहतात. म्हणून आप्पा रेडिओग्राम हाताने ऐकत आणि खूश होत.

ऐकणाऱ्या तुळसाबाई होत्या. त्या बावीस वर्षं नानपुऱ्यात एका पारशी बाईंकडे स्वयंपाकाला होत्या. बाई दुपारी रेडिओग्रामवर नाचाच्या इंग्रजी रेकॉर्ड लावायच्या आणि ह्या पोळ्या लाटायच्या. मुलाकडे मुंबईला जाताना बाईंनी रेडिओग्राम आणि अकरा रेकॉर्ड तुळसाबाईंना देऊन टाकल्या. पण घरी आल्यापासून तो कधी तसा वाजलाच नाही. सहा वर्षं झाली.

आता मुलाचं लग्न ठरलं होतं. रविवारी सकाळी टेम्पोतून नव्या जोडप्याचं लोखंडी कपाट येणार होतं. ते ठेवायला एकच भिंत होती.

“बाईंकडे वाजायचा तसा वाजला तर राहील,” तुळसाबाई म्हणाल्या. “नाही तर रविवारी भंगारवाला येतोय. त्याला सांगून ठेवलंय. बिनआवाजाची पेटी मी रोज पुसणार नाही.”

तो दिवस शुक्रवार होता.

आमची कामाची पद्धत सांगतो, कारण घोळ तिथेच होता. रेडिओग्राम जिन्यावरून कोणी उतरवत नाही. मागची पाठ उघडायची, आतली चेसिस काढायची आणि तेवढीच दुकानात न्यायची. चेसिस म्हणजे पत्र्याचा सांगाडा, ज्यावर व्हॉल्व्ह आणि बाकी सामान बसवलेलं असतं. पेटी आणि स्पीकर घरीच राहतात. दुकानात टेबलावर उघडा स्पीकर असतो, त्याला जोडून ऐकायचं.

पहिल्या खेपेला मी चेसिस नेली. जुने कागदी कंडेन्सर गळायला लागले होते, ते सगळे बदलले. एक व्हॉल्व्ह बदलला. पिकअपची सुई झिजली होती, तीही नवी घातली. दुकानात सेट असा वाजला की समोरचा खमणवाला झारा हातात घेऊन बाहेर आला. गोडादऱ्याला नेऊन बसवला. गोधडी.

दुसऱ्या खेपेला मी स्पीकरवर संशय घेतला. चार स्क्रू काढून तो दुकानात आणला. टेबलावर जोडला. खमणवाला पुन्हा बाहेर आला. परत नेला, पेटीत बसवला. गोधडी.

आमचे शेठ रमणिकभाई यांना दुकानात टू-इन-वन आणि व्हीसीआर हवे होते. व्हॉल्व्हचा सेट दिसला की त्यांच्या कपाळाला आठ्या पडायच्या.

“विलासभाई,” ते म्हणाले, “आ डब्बो छे के सासरुं? रोज जाओ छो!”

“शेठ, बाहेर गातो, घरात मुका होतो.”

“मारा जेवो ज छे,” शेठ म्हणाले. आपल्यासारखाच आहे, असं त्यांचं मत पडलं. विषय तिथे संपला.

तर तिसरी खेप. सगळं तपासून झालेलं. व्होल्टेज बरोबर. सुई नवी. स्पीकर चांगला. मी पेटीच्या मागे मांडी घालून बसलो होतो आणि मला काही सुचत नव्हतं. काही सुचलं नाही की मेकॅनिक सफाई करतो. मी ब्लोअर काढला. हा रबरी फुगा असतो. दाबला की हवेचा झोत निघतो आणि धूळ उडते. स्पीकर आधीच काढून ठेवला होता. मी पेटीच्या आतून, स्पीकरच्या भोकाकडे, पुढच्या दिशेने जोरात हवा मारली.

सगळी धूळ माझ्या तोंडावर परत आली.

मी शिंकलो. पुन्हा हवा मारली. पुन्हा शिंकलो. भोकापुढे फक्त कापड असतं. धूळ कापडातून पलीकडे जायला हवी होती. मी हात घालून आतून कापड चाचपलं. ते भिंतीसारखं घट्ट होतं.

पुढे येऊन पाहिलं. हिरव्या रंगाचं, जरीच्या बुट्ट्यांचं ब्रोकेड. दुहेरी. आतून अस्तर. कडेला बारीक, सुंदर टाके.

“हे कापड मूळचं आहे?” मी विचारलं.

“छे!” तुळसाबाई खुलल्या. “मूळचं उंदरांनी खाल्लं होतं. हे मी शिवलं. सहा वर्षं झाली, एक टाका हलला नाही.”

आप्पांनी तुळसाबाईंच्या ओठांवरून वाचलं आणि तेही खुलले. “आमच्या खात्यातला एक नंबर माल! एक्सपोर्टचा. पाणी ओतलं तरी पलीकडे जाणार नाही.”

“आवाजही जात नाही,” मी म्हणालो.

मग मी चार खिळे उपटले, कापड खाली सोडलं, स्पीकर जागेवर बसवला आणि रेकॉर्ड लावली.

व्हायोलिनं आली. त्यामागून पितळी वाजंत्री आली. कुठेतरी एक त्रिकोणी घंटा किणकिणली, जी त्या घरात सहा वर्षांत कोणी ऐकली नव्हती. तुळसाबाई आधी स्वयंपाकघराच्या दाराला टेकल्या. मग त्यांनी पदराने तोंड दाबलं. मला वाटलं, रडतायत. त्या हसत होत्या. इतक्या की खाली बसल्या.

“म्हणजे मीच याच्या तोंडात बोळा कोंबला! आणि सहा वर्षं शिव्या कुणाला? त्यांचं खातं सगळी वीज ओढतं म्हणून त्या खात्याला!”

आप्पांना काही कळलं नव्हतं. त्यांनी पेटीवर हात ठेवला, मान डोलावली आणि म्हणाले, “आधीसारखंच आहे.” तुळसाबाई पुन्हा हसत सुटल्या.

पण काम संपलं नव्हतं. स्पीकर उघडा ठेवता येत नाही. त्याचा पडदा कागदी असतो, आणि घरात उंदीर होते. स्पीकरचं कापड विरळ विणीचं हवं. फुंकर मारली की पलीकडे हाताला लागली पाहिजे, एवढीच त्याची परीक्षा. मी दुकानात फोन केला. साठा संपला होता. शेठ म्हणाले, मुंबईहून मागवावं लागेल, आठ दिवस.

मी हे तुळसाबाईंना सांगितलं. त्यांनी आप्पांना खुणेने सांगितलं. खात्यातली माणसं खुणांनीच बोलतात, आणि बायकांनाही ते येतं. आप्पांचा चेहरा लाल झाला.

“सुरतेत राहून कापड मुंबईहून मागवायचं? लोक थुंकतील माझ्यावर!”

त्यांनी माझा हात धरून विचारलं, “किती विरळ?” मी खिशातल्या रुमालाचे धागे ओढून दाखवले. त्यांनी ते डोळ्यांजवळ नेले आणि पुटपुटत मोजले.

इंचाला किती आडवे धागे बसतील हे लूमच्या एका दातेरी चाकावर ठरतं. चाक बदललं की वीण बदलते. आणि बीम संपत आला, म्हणजे उभ्या धाग्यांचा रूळ रिकामा होत आला, की शेवटी थोडा ताणा उरतो. तो वायाच जातो. आप्पांनी शनिवारी असाच संपत आलेला बीम गाठला, मालकाला सांगितलं, चाक बदललं आणि दीड मीटर कापड काढलं. मालकाने ते उजेडात धरलं, त्यातून स्वतःचा हात पाहिला आणि विचारलं, “मास्टर, तबियत तो ठीक है?”

रविवारी सकाळी आठला मी पोचलो. कापड तयार होतं. फुंकर आरपार गेली. एकच अडचण होती: तो बीम राणी कलरचा होता. सागवानी, गंभीर चेहऱ्याचा पारशी रेडिओग्राम, आणि त्याच्या पोटावर झगझगीत गुलाबी.

“नवरी दिसते,” तुळसाबाई म्हणाल्या. “ठोका खिळे.”

शेवटचा खिळा आणि टेम्पोचा हॉर्न एकदमच वाजले. दोन हमाल कपाट घेऊन दारात आले. त्यांच्यामागे भंगारवाला. मी सुई रेकॉर्डवर ठेवली.

तुळसाबाईंनी हात वर केला. हमाल कपाट अर्धवट उचललेल्या अवस्थेत थांबले. तुळसाबाईंनी व्हायोलिनं ऐकली, वाजंत्री ऐकली. घंटा आली तेव्हा त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं, जणू ती मीच वाजवली. मग पदर खोचून त्याच इंग्रजी चालीवर त्या लग्नाच्या वरातीत नाचतात तशा नाचू लागल्या. जिन्यावरच्या शेजारणी आत शिरल्या. कोणीतरी गरब्याच्या टाळ्या धरल्या. ताल जुळत नव्हता आणि कोणाचं काही अडलं नाही. भंगारवाल्याने तराजू खाली ठेवून दोन गिरक्या घेतल्या.

“काकी, कपाट कुठे ठेवू? हात तुटतायत!” हमाल ओरडला.

“त्यांची खाट आहे तिथे,” तुळसाबाई नाचता नाचता म्हणाल्या. “ते खाली झोपतील.”

आप्पा पेटीवर तळहात ठेवून हसत होते. त्यांनी याला मान डोलावली. त्यांना काय सांगितलं गेलं हे त्यांना दुपारी कळलं, असं मी नंतर ऐकलं.

आमच्या दुकानात प्रत्येक सेटचं एक कार्ड असायचं. त्यावर मालकाचं नाव आणि बिघाड लिहायचा. या कार्डावर मी भिकाआप्पांचं नाव लिहिलं होतं, आणि ऐकणाऱ्या तुळसाबाईंना, घरी आल्यावर सेटमध्ये काय बदललं हे तिसऱ्या खेपेपर्यंत विचारलंच नव्हतं. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत मी प्रत्येक कार्डावर नावाखाली आणखी एक ओळ भरून घेतली: घरात ऐकतं कोण?