बेथेस्दाची रांग

बायबलातल्या बेथेस्दा तळ्याच्या नावाचा अर्थ दयेचं घर, असं पाळकांनी चर्चच्या उपासनेत सांगितलं तेव्हा मला रागच आला होता. नाव ग्रीक अक्षरांत आलंय, पण शब्द ग्रीक नाही, ते म्हणाले. लिहिणाऱ्यांनी लोकांच्या तोंडचं अरामी नाव कानावर पडलं तसं उतरवलं. बेथ म्हणजे घर, हेस्दा म्हणजे दया. काही जुन्या प्रतींत तर बेथझाथा असं वेगळंच नाव आहे. बाहेर पडताना मी त्यांना गाठलंच. "तळ्याचं पाणी हललं की आजाऱ्यांतला पहिला उतरेल तोच बरा होणार, बाकीचे तसेच पडून राहणार. यात दया कुठे आहे, पाळकसाहेब? ही तर रांग झाली." ते हसून म्हणाले, "काढ पत्रक."

पत्रक आम्ही चर्चमधल्या तरुणांनी आधीच काढलं होतं, आमच्या भागातल्या सरकारी दवाखान्यातल्या रांगेवर. तिथे लोक चपला ठेवून नंबर अडवायचे. चपलांना नको, माणसांना नंबर द्या, असं मी लिहिलं. चार-चार जोड्या मांडणाऱ्या 'हिरव्या पिशवीवाल्या बाई'ला दलालही म्हटलं. हडपसरच्या शमीमचाची त्या, सगळ्यांनी ओळखलं. चपला बंद झाल्या. आम्ही पेढे वाटले.

महिनाभरात पप्पांच्या पायाची जखम काळी पडली. आज सर्जनना दाखवलं नाही तर पाय जाईल, असं डॉक्टरांनी सांगितलं. पप्पांना फाटकाजवळच्या बाकावर बसवून मी रांगेत उभी राहिले. खिडकी जवळ आल्यावर कळलं, पेशंट समोर लागतो. व्हीलचेअर पलीकडच्या इमारतीत. मी हळूच चपला काढल्या.

वॉचमन म्हणाला, "मॅडम, चपला चालत नाहीत. तुम्हीच बंद केल्यात ना?"

बायबलातल्या त्या गोष्टीत तळ्याकाठी वर्षानुवर्षं पडून असलेल्या पांगळ्याची तक्रार हीच होती की मला पाण्यात उतरवायला कोणी नाही. आजवर मी ती त्याच्या वतीने भांडत वाचली होती. त्या दिवशी ती माझी झाली. प्रभू, मला कोणी नाही, एवढंच मनात म्हटलं आणि रांग सोडली.

बाकाजवळ पोचले तर पप्पा व्हीलचेअरवर बसलेले. मागे शमीमचाची, हँडलला हिरवी पिशवी.

"चाची, तुम्ही?"

"वाचलं तुझं पत्रक. छपाई बरी होती." मग खुर्चीचा ब्रेक सोडत म्हणाल्या, "वस्तीतल्या अंथरुणाला खिळलेल्यांच्या चपला होत्या त्या. विचारायचं तरी. आता ढकल."

रांगेत माझ्या मागचे काका जागा धरून उभे होते. "ताई इथेच होत्या," ते वॉचमनला म्हणाले. तो छताकडे बघत राहिला.

पप्पांची दोन बोटं गेली, पाय राहिला. तो पाय मी राखला नाही. माझ्या हातून तर फक्त रांग सुटली होती, आणि ती सुटेपर्यंत माझ्या हातात दुसरं काही मावतच नव्हतं. बेथेस्दाचं खरं मूळ काय ते विद्वान ठरवोत. मी त्या घरात जाऊन आले आहे, त्याबद्दल प्रभूचे आभार.

माफी मागायला चाचींच्या दारात गेले. त्यांनी ऐकून घेतलं, चहा दिला आणि शेजाऱ्यांच्या केसपेपरांनी भरलेली हिरवी पिशवी माझ्या मांडीवर ठेवली. "मंगळवारी मला जमायचं नाही. तू जा."

मी गेले. अजून जाते.