दिलीपला आम्ही ताकद दिलीच नाही

आमचा दिलीप आज सकाळी गेला. त्याची मुलगी मेघा हिनं दुपारी फोन करून सांगितलं.

नव्वदच्या दशकात आदिलाबादच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये आम्ही चौघं मित्र एक गेम खेळायचो. त्यातल्या सैनिकांना आमचीच नावं दिली होती. ताकद, चपळाई, नेम, उपचार यांत पॉइंट वाटायचे असत. आमचा नियम असा, की प्रत्येकाचे पॉइंट बाकीच्यांनी ठरवायचे.

दिलीपचे सगळे पॉइंट आम्ही उपचारात घालायचो.

“काऊन बे? मले काय कंपाउंडर समजून राह्यले का?”

“तू मांगं राह्य. आमी पडलो का उचल.”

तो हसायचा आणि मागं राहायचा. पुढंही आमच्यापैकी कोणाच्या घरी आजारपण आलं, की दवाखान्यात दिलीप आधी हजर.

स्वतःचं दुखणं मात्र त्यानं आम्हाला कळू दिलं नाही. मेघा म्हणाली, “काका, बाबा म्हणत, त्यायले सांगू नको, धावत येतील.”

आलोच असतो ना रे धावत.

तुमच्यातल्या अशा माणसाला ‘तू कसा आहेस’ हे शेवटचं कधी विचारलंत?

उद्या सकाळी त्याच्या गावी, मुधोळला अंत्यविधी आहे. आम्ही तिघं खांदा देऊ. चौथा खांदा मेघा देणार आहे.