दादाच्या डोळ्यातला निळा ठिपका

तपासणीच्या आधी मी ऑपरेशन झालेल्या डोळ्यावर थंड पाण्याची बाटली दाबून धरली. डोळ्याला हात लावायचा नाही, तोंडावर पाणी मारायचं नाही, आत येऊन पंधरा मिनिटं शांत बसायचं, हे सगळं मला पाठ होतं. तरीही धरली, कारण मला दादासारखा फोटो हवा होता.

काचबिंदू आमच्या घरातच आहे. दादाचं आणि माझं ऑपरेशन कोल्हापुरात एकाच दिवशी झालं. त्याचा उजवा डोळा, माझा डावा. डोळ्यातल्या पाण्याला डॉक्टरांनी वरच्या पापणीखाली नवी वाट करून दिली होती. ती वाहती राहिली तर नजर टिकणार. जखम भरताना तीच बुजली तर दाब पुन्हा चढणार. म्हणून तपासणीच्या दर खेपेला डोळ्यातलं प्रेशर मोजायचे, शिवाय उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्याने डोळ्याचा फोटो काढायचे. पाणी झिरपतं ती जागा जरा थंड असते, ती फोटोत निळी दिसते.

दादाला पहिल्याच खेपेला निळा ठिपका दिसला. माझा डोळा नुसता पिवळा-तांबडा.

मी मोबाईलला गजर लावून थेंब घालत होतो. वाकायचं नाही म्हणून बुटाची लेस बायकोकडून बांधून घेत होतो. दादा गारगोटीजवळ आमच्या गावात राहतो. आठव्या दिवशी त्याने म्हशीसाठी वैरणीचा भारा उचलला आणि डॉक्टरांना ते हसत हसत सांगितलं. बोलणी खाल्ली, पण ठिपका निळा तो निळाच. त्याने तो फोटो घरच्या ग्रुपवर टाकला. बहिणीने लिहिलं, "दादाचं सगळं बेस असतंय." त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. मनात काय आलं तेही लिहितो: याचाही ठिपका जावा.

तिसऱ्या खेपेला दादाचा फोटो आधी झाला. पुन्हा निळा. मी पंधरा मिनिटं बसलो आणि नंबर यायच्या जरा आधी लघवीला म्हणून बाहेर पडलो. पिशवीतली बाटली मिटल्या पापणीवर धरून जिन्यापाशी उभा राहिलो. मागे वळलो तर दादा मला शोधत आला होता. त्याची नजर बाटलीवर गेली.

स्क्रीनवर माझा डोळा निळा आला. भुवई निळी, गालही निळा.

फोटो काढणाऱ्या बाई म्हणाल्या, "काका, तोंड धुतलं का?"

"नाही."

"मग गाल एवढा गार कसा?"

दारातून दादा म्हणाला, "म्याच दिलती त्याला बाटली. उकडाय लागलंय म्हणाला, म्हटलं धर जरा तोंडावर."

"अहो, डोळ्यावर दाब आला असता म्हणजे? तुम्ही मोठे ना?"

"चुकलं की, बाई. खेड्यातली माणसं आम्ही."

रांगेतले लोक हसले. माझ्यासाठी खोटं बोलला, माझ्या वाटणीचं ऐकून घेतलं, आणि तरी मला त्याचा हेवाच वाटला. हेही त्यालाच जमतं, मला नाही.

अर्ध्या तासाने पुन्हा फोटो काढला. ठिपका नव्हता. प्रेशरही चढलेलं होतं. डॉक्टरांनी ती वाट आवळून धरणारा एक टाका लेसरने तोडला. वेळेत कळलं म्हणून बरं, म्हणाले, अजून उशीर झाला असता तर वाट बुजलीच असती.

दादाला गारगोटीच्या एसटीत बसवायला मी स्टँडवर गेलो. बाकावर बसल्यावर तो म्हणाला, "आता तुझाबी निळा हुईल बघ. मग टाक की ग्रुपवर, आमीबी बघतो."

गाडी लागली. तो उठायला लागला तसा मी त्याचा हात धरला.

"दादा, तुझा फोटो बघून मी जळत होतो. तुझा ठिपका जावा, असं मनात आणलं मी. आणि आज तुलाच बोलणी खाऊ दिली. चुकलं माझं. माफ कर मला."