पास्टरांच्या दाराला कुलूप

आईचा फोन आला तेव्हा मी लातूरला शाळेत पेपर तपासत होते. "पप्पा गेले गं," एवढंच म्हणाली. मग जरा थांबून, "खाऊन निघ. इथं आल्यावर कुणाला चूल पेटवायचं सुचायचं न्हाई..." नांदेडच्या गाडीत बसले आणि मग रडू फुटलं. आता महिना होत आला. भेटणारे म्हणतात, तुझे पप्पा म्हणजे संत माणूस. संतबिंत काही नव्हते. हट्टी होते, आणि त्या हट्टाबद्दलच मला सांगायचं आहे.

अर्धापूरजवळच्या आमच्या ख्रिस्ती मंडळीचे ते पास्टर, म्हणजे पाळक. बाप्तिस्मा, लग्न, मयत, कुणाचं तहसिलातलं काम, कुणाच्या आटलेल्या म्हशीसाठी प्रार्थना... पप्पा सगळ्या गावाचे, आमच्या वाट्याला घटकाभर दारात दिसणारी त्यांची चप्पल. मी कॉलेजात असताना एका रात्री जेवता जेवता त्यांनी ताट सारलं. "मी लोकांना शिळं वाढून राहिलो. तोच उपदेश, तीच उत्तरं. मयताच्या घरीसुद्धा पाठ केल्यासारखं बोलतो. हा उन्हाळा मला अभ्यासाला पाहिजे. काही गवसलं तर ठीक, न्हाई तर जूनमध्ये पाळकपण सोडतो." आई घाबरेल असं मला वाटलं होतं. ती म्हणाली, "सोडायचंच असलं तर शिकून सोडा. उगं रागानं नको."

मंडळीनं मे महिन्याची सुट्टी दिली, पण माणसं येतच राहिली. पप्पांना नाही म्हणता येईना. शेवटी आईनं पुढच्या दाराला बाहेरून कुलूप घातलं आणि आमची ये-जा मागच्या दारानं सुरू झाली. सकाळभर पप्पा कूलरसमोर सतरंजीवर बायबल, म्हणजे आमचं शास्त्र, आणि जाडजूड जुनी पुस्तकं पसरून बसत. दुपारी आम्हा दोघींना वाचून दाखवत, आणि आम्ही शंका काढायच्या असा नियम. एरवी प्रश्न संपायच्या आधी त्यांचं उत्तर तयार असे. आता म्हणत, "उद्या सांगतो." उद्याही उद्याच! संध्याकाळी सापशिडी. आपले पप्पा सापशिडीत लबाडी करतात हे मला तेव्हा कळलं, आणि काय आनंद झाला म्हणून सांगू.

पण पाळकांच्या बदल्या मे महिन्यातच होतात. बंद दार बघून मंडळीनं ठरवून टाकलं की सुट्टी हे नुसतं निमित्त, पास्टर बदलून गेले, आणि तेही न सांगता गेले. अशाच एका दुपारी बाहेर पायरीवर कुणीतरी बसल्याचा आवाज आला. मंडळीतली सरूमावशी होती. तिचा कमावता मुलगा त्या हिवाळ्यात तापानं गेला होता. मातीच्या वेळी पप्पांनी 'देवाची इच्छा' म्हणून सांगितलं होतं आणि तिनं मान हलवली होती. आता ती कुलपाशी बोलत होती. "सलाम न घेताच गेलात, सायेब? माझं लेकरू का नेलं, एवढं इचारायचं राहून गेलं. आता कुणाला इचारू?"

पप्पा उठले. मागच्या दारानं निघून, भर उन्हात अनवाणी, घराला वळसा घालून तिच्याजवळ येऊन बसले. मी खिडकीतून बघत होते. पप्पा म्हणाले, "मला ठाव न्हाई, मावशी. शोधून राहिलो. अजून गवसलं न्हाई."

सरूमावशी डोळे पुसून म्हणाली, "हाव. मग शोधा. मीबी येते शोधाया."

आईनं कुलूप काढलं. त्या दिवसापासून दुपारच्या वाचनाला मावशीही येऊ लागली. तिच्या शंका आमच्यापेक्षा अवघड असत.

जूनच्या पहिल्या रविवारी पप्पांनी व्यासपीठावरून सांगितलं की उन्हाळाभर शिकलो, तरी मावशीच्या प्रश्नाला उत्तर मिळालं नाही, आणि तरीही मी पाळकपण सोडणार नाही. मंडळीचे पंच ताडकन उभे राहिले. "पास्टरलाच ठाव न्हाई, तर मंडळीनं कुठं जावं?"

"इथंच यावं," पप्पा म्हणाले. "मीबी इथंच हाय."

तेव्हापासून उपदेश संपला की शेवटच्या गीताआधी ते खाली उतरून सगळ्यांत सतरंजीवर बसत. ज्याला विचारायचं त्यानं उभं राहून विचारायचं. कधी वादावादी होई. वर तक्रारी गेल्या, समज मिळाली. पप्पांनी ऐकून घेतलं आणि पुढच्या रविवारी परत खाली बसले. हट्टी म्हटलं ना मी!

त्यांच्या मातीनंतरच्या रविवारी नांदेडहून एक तरुण पास्टर आला. उपदेश चांगला केला. मग त्यानं शेवटचं गीत सांगितलं, आणि कुणीच उठलं नाही. बिचारा गोंधळून पंचांकडे बघू लागला. तेच पंच, आता म्हातारे झालेले, मांडी घालून, डोळे मिटून बसून होते.

आई उभी राहिली. घरी तिनं पप्पांना प्रश्न विचारून भंडावलं होतं, पण मंडळीत कधी एक शब्द काढला नव्हता. डोईवरचा पदर सारखा करून तिनं स्पष्ट आवाजात विचारलं, "सायेब, आमचे हे आत्ताच का गेले? लई काम राहिलं होतं त्यांचं."

त्या मुलानं शास्त्र उघडलं, पानं चाळली, मिटलं. मग तो खाली उतरला आणि बसायला कुठं जागा आहे का ते बघू लागला. सरूमावशीनं जरा सरकून त्याला जागा करून दिली.